उष्णतेला वाचता येत नाही

आमच्या सरांना रंगांची चीड होती. होळीच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या. आमचं काम असं की एखादी वस्तू चालू असताना तिचा कुठला भाग किती तापेल, हे ती बनायच्या आधीच गणित करून सांगायचं. उत्तर आलं की पडद्यावर ती वस्तू रंगीत दिसते. गरम भाग लाल, गार भाग निळा, मधले पिवळे नि हिरवे. हे चित्र गिऱ्हाइकाला फार आवडतं आणि मॅनेजरला त्याहून आवडतं. सर मात्र मीटिंगमध्ये ते चित्र लागलं की खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायचे. "संपलं की सांगा," म्हणायचे.

एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, "सर, त्या चित्रात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही हो. चुकीच्या उत्तराचं चित्रसुद्धा इतकंच छान येतं, एवढीच तक्रार आहे."

म्हणून आमच्या टीममध्ये नियम होता की रंग दाखवायच्या आधी बोट दाखवायचं. साध्या करड्या मॉडेलवर बोट फिरवत सांगायचं की उष्णता इथे जन्मते, इथून इथे जाते, या पट्टीतून तिकडे उतरते आणि इथून बाहेर हवेत पडते. बोट मधे कुठे अडखळलं की सर उठून जायचे. "तुम्हालाच रस्ता माहीत नाही, तिला काय सांगणार?" उष्णतेबद्दल ते असे बोलायचे, जणू ती त्यांच्या नात्यातली, जरा मंद पण सरळ स्वभावाची मुलगी आहे.

सर शनिवार पेठेतले. रोज सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला यायचे आणि रोज उतरताना ड्रायव्हरला सांगायचे, "आजचा रस्ता कालच्यापेक्षा वाईट निवडलात, अभिनंदन." आम्ही सगळे विशी-तिशीतले, हे एकटे पन्नाशी उलटलेले. ऑफिसच्या एसीमुळे भर मे महिन्यात गळ्याला मफलर. मी पहिल्या दिवशी त्या मफलरकडे बघत राहिले, तर म्हणाले, "या मजल्यावर हवा कुठून कुठे जाते ते मी एकदा काढून बघितलंय. ती सगळी माझ्या मानेवर येऊन संपते." ते सगळ्यांना अहो म्हणायचे. काल लागलेल्या पोरालाही अहो, चहा आणणाऱ्या मावशींनाही अहो. कॉम्प्युटर अडकला तर त्यालाही, "अहो, उठताय ना?"

मी यवतमाळची. पहिल्या आठवड्यात त्यांनी लांबूनच विचारलं, "काय चाललंय?" आणि माझ्या तोंडून घरचं निघून गेलं, "मेश करून राहिले सर."

"राहा, राहा. घाई नाही. करून झालं की कळवा."

सगळी टीम हसली. मला इतका राग आला की जेवताना मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे 'करून राहिले' म्हणजे काम खरोखर चालू आहे, असं ना? चांगलं आहे. आमच्याकडे नुसतं 'करतोय' म्हणतात आणि करत कुणीच नाही." पुण्यात माफी मागायची हीच रीत असावी असं समजून मी ती घेऊन टाकली.

मेश म्हणजे जाळी. सर जाळीच म्हणायचे. वस्तू अख्खी असली की कॉम्प्युटरला तिचं गणित येत नाही, म्हणून तिचे बारीक बारीक तुकडे करून द्यायचे. मग तो एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात किती उष्णता गेली हे मोजत मोजत पुढे जातो. एकच ठोकळा असेल तर हे काम कुणीही करेल. पण एकात एक बसवलेले शेकडो भाग असतील तर दोन भाग टेकतात तिथे दोन्हीकडचे तुकडे काटेकोर जुळवावे लागतात. जुळले तर उष्णता पार होते. न जुळले तर ती अलीकडेच बसून राहते आणि आपल्याला भलतंच उत्तर देते. एचआरच्या एका नव्या मुलीनं सरांना विचारलं होतं, "तुमची टीम एक्झॅक्टली काय करते?" सर म्हणाले, "आम्ही चिरतो. शिजवतं मशीन. भाजी कच्ची राहिली की लोक गॅसला नावं ठेवतात." त्या मुलीनं हे तसंच कुठेतरी लिहून घेतलं असावं, कारण नंतर बरेच दिवस अॅडमिनची मंडळी आम्हाला कँटीनच्या तक्रारी सांगायला यायची.

आमच्यातल्या एकानं एकदा सगळीकडे अतिबारीक जाळी करून ठेवली. एवढीशी वस्तू, पण गणित संपता संपेना. सरांनी पडद्यावर नजर टाकली. "वा. रांगोळी सुरेख आहे. फक्त उत्तर येईपर्यंत ही गाडी भंगारात गेलेली असेल." मग मात्र शेजारी खुर्ची ओढून बसले आणि कुठे बारीक लागतं नि कुठे जाड चालतं, हे अर्धा दिवस त्याला समजावत राहिले. रागावणं उभ्यानं आणि शिकवणं बसून, अशी त्यांची वाटणी होती.

पँट्रीतला प्रकार तर ऑफिसभर गाजला. दोन धातूचे भाग एकमेकांना टेकले म्हणजे उष्णता आरामात पलीकडे जाते, असं कुणीतरी बोलून गेलं. सरांनी काही न बोलता घरून एक तवा आणि दोन सारख्या वाट्या आणल्या. पँट्रीतल्या शेगडीवर तवा ठेवला. एका वाटीच्या बुडाखाली तेलाचे थेंब सोडले, दुसरी कोरडीच ठेवली आणि दोन्हींत लोण्याचा एकेक गोळा टाकला. आम्ही सगळे भोवती. तेलावरच्या वाटीतलं लोणी पाघळलं तरी दुसरीतलं अजून घट्ट होतं. "दोन्ही वाट्या टेकल्यात ना? दिसायला टेकल्यात. कोरडीच्या खाली हवा आहे. तेवढीशी हवा आडवी येते हो." हे बोलेपर्यंत तेल जळलं, धूर झाला, गजर वाजला आणि तीन मजले रिकामे झाले. खाली पार्किंगमध्ये उन्हात उभं राहून सर सगळ्यांना सांगत होते की प्रयोग यशस्वी झाला आहे.

एका शनिवारी त्यांनी आम्हा नव्या चौघांना मंडईत बोलावलं. आम्हाला वाटलं, मिसळ वगैरे खिलवणार. तर एका गाळ्यासमोर उभं करून रचलेल्या मोसंब्यांकडे बोट दाखवलं. "यातलं सगळ्यात खालचं मोसंबं तापलं, तर वरच्याला कुठून कळेल?" कुठलं फळ कुठल्याला टेकतंय ते शोधायला आम्ही चौघंही वाकलो. गाळेवाले काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "घ्यायची आहेत, का नुसती ओळख करून घ्यायची आहे?"

सर म्हणाले, "तुमचा ढीग फार शास्त्रशुद्ध आहे हो."

"मग शास्त्रशुद्ध पैसे द्या नि एक किलो न्या."

तोडीस तोड माणूस भेटल्याच्या आनंदात सरांनी दोन किलो घेतली आणि आमच्यावर वाटून टाकली.

एक काम मात्र ते कुणाला करू देत नसत. गिऱ्हाइकाकडून वस्तूचं पहिलं मॉडेल येतं त्यात असंख्य बारीकसारीक गोष्टी असतात. स्क्रूचे आटे, गोल केलेले कोपरे, स्टिकर, उठावाची अक्षरं. या सगळ्याची जाळी करायची म्हटलं तर आयुष्य जाईल, आणि उष्णतेला त्यानं काही फरक पडत नाही. म्हणून ते काढून टाकायचं असतं. सर ते स्वतः बसून काढायचे, मफलर मागे टाकून, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडावेत तसे. दर वेळी स्वतःलाच विचारायचे, "हे तिला दिसतं का?" आणि उडवायचे. एका गिऱ्हाइकाची तक्रार आली की मॉडेलवरचं त्यांच्या कंपनीचं नाव गेलं. सरांनी उत्तर दिलं, "उष्णतेला वाचता येत नाही." काय काढायचं ते मी ठरवणार, राहील त्याची जाळी तुम्ही करा, अशी त्यांची सरळ विभागणी होती आणि आम्हाला ती सोयीची होती.

मी प्रोबेशनवर होते. पक्की होणार की नाही ते सरांच्या शब्दावर होतं आणि सरांच्या तोंडून चांगला शब्द निघाल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. फार खूश झाले तर "चालेल" म्हणायचे. इकडे बाबांचा दर रविवारी फोन. "झालं का व पक्कं?" मी म्हणायचे, "होऊन राहिलं बाबा." "नाही झालं त घरी ये. इथल्या कॉलेजात चिकटवून देतो तुले." बाबा प्रेमानंच म्हणायचे, पण मला घाम फुटायचा. मला हेच काम हवं होतं. गणित चुकलं की रडायला यावं आणि जुळलं की भूक लागावी, असं काम मला तोपर्यंत दुसरं सापडलं नव्हतं.

त्याच दिवसांत बॅटरीचं काम आलं. लोणी काळभोरच्या पुढे सोलापूर रस्त्याला एक लहान कंपनी होती, स्कूटरच्या बॅटरीचे डबे बनवायची. एका डब्यात ओळीनं उभे सेल, त्यांना धरणाऱ्या चौकटी, जोडणाऱ्या पट्ट्या, खाली अॅल्युमिनियमचा तळ. सेल तापतात, ती उष्णता तळातून बाहेर जाते. सरांनी मॉडेल साफ करून दिलं, मी जाळी केली. एकेक सांधा जुळवला, बोट फिरवून रस्ता सांगितला, कुठे अडखळले नाही. सर "चालेल" म्हणाले. मी तेवढ्यावर आईला फोन केला.

काही आठवड्यांनी तिकडून फोन आला. त्यांनी खरा डबा बनवून चालवून बघितला होता आणि सेल आमच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त तापत होते. रिपोर्टवर विसंबून त्यांनी पुढच्या मालाची तयारी केली होती, ती थांबवावी लागली. आमच्या मॅनेजरनं, जो वयानं सरांपेक्षा बराच लहान होता, पहिला प्रश्न विचारला, "मेश कुणाचं आहे?"

माझं होतं.

सरांनाही माझाच संशय आला, हे मला फार लागलं. ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "जाळी दाखवा." दोन दिवस आम्ही एकेक सांधा बघत होतो. कुठेच काही सापडेना. मॅनेजर येऊन उभा राहिला की सर "बघतोय" एवढंच सांगायचे. माझं जेवण सुटलं. शेवटी सर म्हणाले, "पडद्यावर पुरे झालं. वस्तू बघू."

सोलापूर रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये एका कामगारानं डब्याचे स्क्रू काढले. "जपून सायेब, गरम हाय अजून," म्हणाला. सेल वर उचलले आणि खाली करड्या रंगाची एक पातळ, रबरासारखी पट्टी दिसली. सेल आणि तळ यांच्या मधे, पूर्ण लांबीभर. वीज तळात उतरू नये म्हणून घातलेली. पण अशी साधी रबरी पट्टी वीज अडवते तशी उष्णताही अडवते. मी जवळजवळ ओरडलेच, "सर, ही आपल्याकडे नाहीच आहे! माझ्या मॉडेलमध्ये सेल थेट तळाला टेकलेत. यांनी ही पाठवलीच नाही!"

सरांनी पट्टीचं टोक नखानं उचललं, बराच वेळ बघितलं, परत खाली चिकटवलं. "हं," म्हणाले. परतताना हडपसरच्या गर्दीत गाडी कितीतरी वेळ उभी होती. एरवी त्यांनी प्रत्येक सिग्नलचं माप काढलं असतं. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसले होते. मला मात्र सुटल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीचे इंजिनिअर आमच्याकडे आले. मीटिंग रूममध्ये ते, मॅनेजर, सर आणि मी. मॅनेजरला मी आधीच पट्टीचं सांगितलं होतं, त्यामुळे तो खुशीत होता. "सो बेसिकली, इट वॉज अ कम्युनिकेशन गॅप. तो पार्ट तुमच्याकडून आम्हाला आलाच नाही."

त्या इंजिनिअरनी लॅपटॉप उघडून आम्हाला पाठवलेलं मूळ मॉडेल दाखवलं. पट्टी त्यात होती. स्टिकर ठेवले होते त्याच गठ्ठ्यात, पण होती.

मॅनेजरनं एका क्षणात दिशा बदलली. "ओके. मग मेशिंगमध्ये सुटली असेल. शी इज न्यू." सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्याकडे आलेल्या मॉडेलमध्ये पट्टी नव्हती हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्या क्षणी ते पक्कं वाटेना. मीच तर चुकून काढली नाही? डोळ्यांपुढे यवतमाळचा स्टँड आला.

"गॅप राहिली नव्हती," सर म्हणाले. "होती ती मीच बुजवली."

मॅनेजर म्हणाला, "म्हणजे?"

"पट्टी आली होती. बारीक होती, स्टिकरांच्या गठ्ठ्यात होती. मी स्टिकर समजून काढली. मग तिच्या जागी फट राहिली, ती तळ वर ओढून बंद केली. यांच्याकडे मॉडेल गेलं तेव्हा पट्टीही नव्हती आणि फटही नव्हती. यांनी जाळी बरोबर केली. चुकीच्या वस्तूची, पण बरोबर."

"सर, म्हणजे टीमकडून एक ओव्हरसाइट..."

"टीमकडून नाही. माझ्याकडून."

तेवढीशी हवा आडवी येते म्हणून ज्यांनी आमच्यासाठी ऑफिसभर धूर केला होता, त्यांच्या हातून हे झालं होतं. ते इंजिनिअर भले होते, पण त्यांचं नुकसान झालं होतं. म्हणाले, "माफ करा, पण यापुढे आमच्या कामाला तुम्ही हात लावू नका."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"मग परत कोण करणार हे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "या करतील."

मॅनेजर घाईनं म्हणाला, "सर, ती प्रोबेशनवर आहे."

"आता मी आहे."

मी पुन्हा मूळ मॉडेल घेऊन बसले. या वेळी काय काढायचं तेही मीच ठरवत होते. सरांनी शब्द पाळला. माझ्या टेबलापाशी फिरकलेसुद्धा नाहीत. पट्टीची दोन पातळ थरांत जाळी केली, ती वर सेलाला, खाली तळाला जुळवली. गणित लावलं. आलेलं तापमान त्यांच्या डब्यात मोजलेल्या तापमानाच्या अगदी जवळ होतं. त्या कंपनीनं पट्टी बदलली, वीज अडवून उष्णता सोडणारी घातली, आणि काम मार्गी लागलं.

पुढच्या आठवड्यात दोन बातम्या एकाच दिवशी आल्या. मी पक्की झाले. आणि सरांकडून टीम काढून घेतली, त्यांना ट्रेनिंगच्या कोपऱ्यात जागा दिली. संध्याकाळी बसच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. हात मागे बांधून, काहीच न झाल्यासारखे. मला राहवेना.

"सर, मॉडेल तुम्ही साफ केलं होतं हे खरं, पण पट्टी तुम्ही काढली हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही बोलला नसता तर टीम राहिली असती."

"राहिली असती."

"मग?"

ते रांगेत एक पाऊल पुढे सरकले. "अहो, त्या खोलीत मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्हाला स्वतःच्या जाळीचा संशय यायला लागला होता. मी गप्प बसलो असतो तर तुम्ही घरी गेला असता आणि आयुष्यभर एका बरोबर जाळीत चूक शोधत बसला असता. आणि ती सापडली नसती हो, कारण ती तिथे नव्हतीच."

त्यांची बस आली. ते चढले, खिडकीजवळची जागा बघून बसले आणि मफलर नीट केला. बस वळली तशी मी तिथेच, रांगेत, सगळ्यांसमोर रडायला लागले. मागच्या बाई घाबरल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, काय झालं?"

मी म्हटलं, "नोकरी पक्की झाली."